रात्री साडेआठची प्रार्थना

मी नगरची. माहेरी आमच्या गल्लीत बहुतेक घरं ख्रिस्ती, नाताळात चांदणी कोणाच्या दारावर नाही हे शोधावं लागे. १९९८ साली, म्हणजे कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली त्याच वर्षी, लग्न होऊन रत्नागिरीला आले आणि पाहते तर सगळ्या आळीत आमचं एकच घर. रविवारी मंडळी जमते, पाळकसाहेब मनापासून उपदेश करतात, शब्बाथ शाळेत मुलं गाणी शिकतात. पण आठवड्याचे तास १६८, त्यातले दोन मंडळीचे. बाकीचे आमचे. दोन मुलं वाढवली. मोठी आता पंचवीस वर्षांची, धाकटा एकोणीसचा. त्यांच्या हाती विश्वास देताना काय जमलं आणि काय चुकलं, ते जसं आठवतं तसं लिहिते आहे.

१. मंडळीवर सोपवून मोकळं होता येत नाही.

मोठी सहा वर्षांची असताना पडवीत बाहुल्या घेऊन खेळत होती. मी तांदूळ निवडत बसले होते. तिच्या खेळात बाहुल्या सकाळी उठल्या, डबा घेऊन शाळेत गेल्या, बाहुलीची आई बाहुलीवर ओरडली, सगळ्यांनी टीव्ही पाहिला, झोपल्या. असे सहा दिवस झाले. सातव्या दिवशी बाहुल्या नटून चर्चला गेल्या, परत आल्या आणि पुन्हा टीव्हीसमोर बसल्या. ती आमच्याच घराची नक्कल करत होती. आम्ही दोघं बाप्तिस्मा घेतलेली, दृढीकरण झालेली, रविवार न चुकवणारी माणसं. आणि तिच्या बाहुलीच्या घरात आठवडाभर देवाचं नावही नव्हतं. हातातलं सूप तसंच राहिलं.

त्या रात्री मी पवित्र शास्त्रातल्या अनुवाद या पुस्तकाचा सहावा अध्याय काढून वाचला. तिथे मोशे सांगतो की देवाच्या आज्ञा मुलांच्या मनावर बिंबवा, घरी बसताना बोला, वाटेने चालताना बोला, निजताना आणि उठताना बोला. हे काम त्याने याजकांवर टाकलेलं नाही. ज्यांच्या घरात मुलं आहेत त्यांना सांगितलं आहे.

२. वेळ थोडी असू दे, पण ठरलेली असू दे.

दुसऱ्या दिवसापासून रात्री साडेआठला जेवणाआधी कौटुंबिक प्रार्थना सुरू झाली. सासरे, ज्यांना आम्ही सगळे पप्पा म्हणायचो, प्रार्थनेला बसले की अर्धा तास उठत नसत. ते रेटायला गेलो तेव्हा मोठी पेंगायची आणि मी चिमटे काढायचे. महिनाभरात पप्पांनीच रीत बदलली. ‘उपासना संगीत’मधलं एक गीत, दहा वचनं आणि प्रत्येकाने आपल्या शब्दांत एक वाक्य प्रार्थना. दहा मिनिटांत संपतं. आषाढात पुस्तकाला बुरशी धरते, म्हणून ते चुलीवरच्या फळीवर ठेवायचो. आजही त्याच्या पानांना धुराचा वास आहे.

३. देवाशी बोलायची भाषा घरची हवी.

हे मला उशिरा कळलं आणि त्याचं मोल मोठं द्यावं लागलं. मुलांना इंग्रजी माध्यमात घातलं. धाकटा आठ वर्षांचा झाला तेव्हा एका रात्री पप्पांनी पवित्र शास्त्र त्याच्या हाती दिलं. त्याला ‘तारण’ वाचता आलं, अर्थ सांगता आला नाही. ‘कृपा’ म्हणजे शेजारची कृपाताई एवढंच त्याला माहीत. ज्या भाषेत त्याची आई रडते, आजोबा गातात, बाप देवाला हाक मारतो, त्या भाषेत तो परका झाला होता.

पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं केडगावला बसून मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून पवित्र शास्त्र मराठीत आणण्यात घालवली. एवढ्या मोठ्या संस्कृत विदुषी, पण भाषा मुद्दाम सोपी ठेवली. तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या थोडंफार लिहायला-वाचायला शिकलेल्या बायांना ती कळायला हवी होती. १९२१ साली मुलगी मनोरमा गेली, पुढच्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. तोवर भाषांतराचं काम चालूच होतं. हे सगळं पप्पांनी नातवाला सांगितलं आणि म्हणाले, “तुझ्यासाठीच केलंय रे तिनं.” मग रोज एक वचन, मोठ्याने, बोट ठेवून. दोन वर्षं लागली. आता तो मंडळीत वाचन करतो तेव्हा अडखळत नाही. इंग्रजी माध्यमाला माझा विरोध नाही, पण मराठी शास्त्र वाचायला शिकवणं हे आईबापांचं काम आहे आणि ते शाळा करणार नाही.

४. चूक झाली तर मुलांदेखत कबूल करा.

शेजारच्या काकूंचा माड आमच्या गडग्यावर वाकलेला. वाऱ्याने नारळ पडला की आमच्या परड्यात पडायचा. एका पावसाळ्यात एक नारळ माझ्या मिरचीच्या रोपांवर पडला आणि चार रोपं मोडली. मी गडग्यापाशी उभी राहून नाही नाही ते बोलले. नारळही दिला नाही. रात्री प्रार्थनेत धाकट्याची पाळी आली. सात वर्षांचं पोर. त्याने डोळे मिटले आणि म्हणाला, “प्रभू, काकूंचा नारळ आमच्या घरात आहे.” आणि आमेन म्हणाला.

कोणी काही बोललं नाही. मी उठले, कोनाड्यातला नारळ घेतला, बॅटरी घेतली, त्याचा हात धरला आणि पावसातून काकूंच्या दारी गेले. “काकू, मी चुकले,” एवढंच म्हणता आलं. काकूंनी आम्हाला आत घेतलं, त्याचं डोकं पुसलं. त्यानंतर मी त्याला क्षमेवर वेगळा धडा दिलेला नाही.

५. बापाने बाजूला राहू नये.

आपल्याकडे देवाधर्माचं म्हणजे आईने बघायचं अशी समजूत आहे. पौल तीमथ्याला लिहितो तेव्हा त्याच्या आजीची आणि आईची, लोईस आणि युनीकेची, आठवण काढतो. त्यांचा मान मोठाच आहे. पण मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाला की बापाकडे बघायला लागतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आमचे हे वायरमन. बोलणं कमी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, दापोली-मंडणगडकडे खांबच्या खांब आडवे झाले. त्यांना तिकडे जायचा निरोप आला. निघताना हेल्मेट काखेत धरून ते उंबऱ्यात उभे राहिले, दोन्ही मुलांच्या डोक्यावर हात ठेवले आणि मोठ्याने प्रार्थना केली. स्वतःसाठी फार मागितलं नाही. ज्या घरांत अंधार आहे, ज्यांची छपरं उडाली आहेत, त्यांची आठवण केली. मग गेले, ते पंधरा दिवसांनी आले, हातांची सालं निघालेली. धाकटा तेव्हा चौदा वर्षांचा. तो आज इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करतो आहे आणि खांबावर चढणाऱ्या माणसांसाठी प्रार्थना करायला विसरत नाही.

६. देवाला द्यायचं ते चांगलं द्या.

कापणीच्या सणाला मंडळीत भात, नारळ, भाज्या आणतात, उपासनेनंतर लिलाव होतो. एका वर्षी वेलावरचं मोठं तवसं मी धोंडसासाठी झाकून ठेवलं आणि लहान दोन पिशवीत घातली. मोठीने पाहिलं. चर्चमध्ये पिशवी उघडली तर वर मोठं तवसं. मी तिच्याकडे पाहिलं, तिने नजर चुकवली नाही.

७. शेजाऱ्यांची भीती शिकवू नका, आणि आपण कोण हे सांगा.

सुरुवातीला गणपतीत मी मुलांना घरात ठेवायचे. दार लावून घ्यायचे. पलीकडे आरती चालू, झांजा वाजतात, आळीतली सगळी पोरं तिथे आणि माझी मुलगी खिडकीच्या गजाला नाक लावून उभी. एकदा तिने विचारलं, “आई, त्यांचा देव आपल्याला मारेल का?” तेव्हा समजलं की मी हिला येशूवरचं प्रेम देत नाही, शेजाऱ्यांची भीती देते आहे. दार उघडलं. आमची मुलं काकूंकडे जायला लागली, आरतीच्या वेळी मागे शांत उभी राहायची, कोणी विचारलं तर सांगायची की आम्ही प्रभू येशूला मानतो. प्रसादाबद्दल ख्रिस्ती घरांत मतं वेगवेगळी आहेत. पौलालाही करिंथच्या मंडळीला अशा अन्नाबद्दल बरंच लिहावं लागलं. आम्ही आमच्या मनाला पटेल तसं ठरवलं. नाताळात करंज्यांचा पहिला डबा काकूंकडे जातो.

धाकट्याला मात्र शाळेत एका मुलाने म्हटलं, “तुम्ही इंग्रजांची माणसं ना?” तो रडत घरी आला. पप्पांनी त्याला जवळ बसवलं आणि नकाशा काढला. हे बाणकोट, आपल्याच जिल्ह्यातलं. इथे १८२३ साली स्कॉटलंडचे मिशनरी आले, ते आपली भाषा शिकले. हे करजगाव. इथे १८६१ साली कवी रेव्हरंड ना. वा. टिळक जन्मले. आणि खाली हा गोवा. तिथे फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापलं गेलं. इंग्लंडहून आलेल्या माणसाने ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत सांगितली. “इंग्रजांचं राज्य इथे यायच्या दोनशे वर्षं आधी आपल्या कोकणपट्टीत येशूचं नाव मराठीत गायलं गेलंय,” पप्पा म्हणाले. दुसऱ्या दिवशी तो नकाशा दप्तरात घालून गेला. तो मुलगा पुढे त्याचा जिवलग मित्र झाला.

जे मूल आपला वारसा जाणतं ते हिणवलं गेलं तरी चिडत नाही, लपतही नाही. आपल्या घरांत टिळकांचं, रमाबाईंचं, लेखक बाबा पदमनजींचं नाव मुलांच्या कानावर पडत नसेल तर तो दोष आपला आहे.

८. उत्तर नसेल तर नाही म्हणा.

२०२१ च्या मे महिन्यात पप्पा कोविडने गेले. एकोणीस दिवस आम्ही प्रार्थना केली होती. मातीला आम्ही मोजकी माणसं. त्या रात्री साडेआठ वाजले, चटई अंथरली, पप्पांची जागा रिकामी. धाकटा म्हणाला, “देवाने ऐकलंच नाही. मग कशाला बसायचं?” माझ्या जिभेवर तयार उत्तरं होती, माहेरी ऐकलेली. ती मी गिळली. “मला माहीत नाही रे,” म्हटलं. ह्यांनी ८८वं स्तोत्र उघडून वाचलं. ते स्तोत्र अंधारातच संपतं, पुढे दिलासा येत नाही. आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. वाचून झाल्यावर कोणी गीत म्हटलं नाही. तो मात्र उठून गेला नाही, बसून राहिला. दुसऱ्या रात्री चटई त्यानेच अंथरली.

९. दार उघडं ठेवा आणि थांबा.

मोठी सतरा वर्षांची झाली, दृढीकरणाचे वर्ग सुरू झाले. दोन वर्ग झाल्यावर तिने सांगितलं, “मी घेणार नाही. मला अजून माझं असं काही वाटत नाही. तुमच्यासाठी खोटं बोलू का?” मी फार रडले. मंडळीत काय सांगायचं, हाच विचार आधी आला, हे आज लिहिताना मला बोचतं. तिला दोन दिवस अबोला धरला. ती चूक मी कधी विसरणार नाही.

पप्पा तेव्हा होते. त्यांनी मला ना. वा. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचायला दिलं. टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं, लहान दत्तूला घेऊन त्या वेगळ्या राहिल्या. पुढे सोवळंओवळं सांभाळतच नवऱ्याजवळ आल्या आणि १९०० साली आपल्या मनाने ख्रिस्ती झाल्या. मधल्या पाच वर्षांत त्यांना कोणी ओढून नेलं असतं तर मराठीला ते पुस्तक मिळालं नसतं आणि मंडळीला ती बाई मिळाली नसती. टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पुढे त्यांनीच हाती घेतलं आणि त्यांच्यामागे त्यांच्या मुलाने, देवदत्तांनी पुरं केलं.

आमच्या मुलीच्या त्या नकाराला आठ वर्षं झाली. तिने अजून दृढीकरण घेतलेलं नाही. ती पुण्याला नोकरी करते. घरी आली की साडेआठला चटईवर येऊन बसते, गीत आवाज लावून म्हणते, प्रार्थनेची पाळी आली की गप्प राहते आणि आम्ही पुढे जातो. मी तिला विचारत नाही. रोज पहाटे तिचं नाव घेऊन देवाकडे मागते.

ज्यांची मुलं अजून लहान आहेत त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. मुलं मोठी होऊन मुंबई-पुण्याची गाडी धरतात, ती वर्षं फार लवकर येतात. आज रात्री जेवणाआधी टीव्ही बंद करा, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा, चटई अंथरा आणि दहा मिनिटं बसा.