पाचवे शील आणि उपचाराची वाट

मादक पदार्थांपासून अलिप्त राहण्याचे पाचवे शील आपल्या वसतिगृहातील प्रत्येक विद्यार्थ्याच्या मुखी असते. १९५६ साली नागपूर येथे बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. परंतु ज्याच्याकडून हे शील मोडले, त्याच्याशी आपण कसे वागावे, याचा विचार क्वचितच होतो. चारचौघांत त्याची निर्भर्त्सना केली की आपले कर्तव्य संपले, असे मानण्याची रीत आहे. विनयपिटकातील कथा याच्या अगदी उलट आहे. अतिसाराने ग्रस्त होऊन स्वतःच्या मलमूत्रात पडलेल्या एका भिक्खूकडे कोणी फिरकत नव्हते. तो इतरांच्या काही कामी येत नाही, हे त्याचे कारण. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणवून स्वतः त्याची शुश्रूषा केली.

वैद्यकशास्त्रही व्यसनाला आजारच मानते. वर्षावासात किंवा बुद्धपौर्णिमेस दारू सोडण्याचा संकल्प करणाऱ्यांनी आणि करवून घेणाऱ्यांनी एक गोष्ट अवश्य जाणावी. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली, तर काही तासांतच हातपाय कापू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि पुढे भ्रम होऊन जिवावरही बेतते. हा बाहेरचा प्रकार नव्हे आणि निर्धाराचा दुबळेपणाही नव्हे. संकल्प खरा असला, तरी अशा माणसाने दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी.

उपचार दूर आहेत, हा समजही तपासून पाहिला पाहिजे. आपल्याच अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प राबवण्यात आला. नैराश्य आणि दारूचे व्यसन हे त्याचे विषय होते. गावातील माणसांनाच प्रशिक्षण देऊन घरोघरी बोलणे, धीर देणे आणि गरजेनुसार समुपदेशक वा मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवणे, अशी त्याची पद्धत होती. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत शेकडा ४.३ वरून २७.२ वर गेले. माझ्या मते याचे मोठे श्रेय दारापर्यंत आलेल्या ओळखीच्या माणसाला आहे. ‘डोक्याचा डॉक्टर’ म्हणताच दचकणारी आपली मंडळी गावातल्या ताईशी मात्र मोकळेपणाने बोलतात.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने शासकीय मानसोपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे. अमरावतीचे जिल्हा रुग्णालय आणि अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय येथे चौकशी करावी. गावात आशाताईंना विचारावे. १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य बोलता येते, मराठीतही. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा स्वतंत्र क्रमांक आहे.

पिणारा यायला तयार नसेल, तर पत्नीने किंवा आईने आधी एकटीने जाऊन सल्ला घ्यावा. घरच्यांचे वागणे बदलले की पुष्कळदा तोही मागाहून येतो. मन खचलेला माणूस घरात असताना फवारणीचे औषध मात्र कुलपात ठेवावे, किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. आत्महत्येचा विचार त्याने बोलून दाखवला, तर त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.