हाडाचे कलम : कृत्रिम दाताची पायाभरणी

आंब्याचे कलम बांधताना आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. जोमदार रोपावर चांगल्या जातीच्या झाडाची डहाळी बांधली, की काही आठवड्यांत दोन्ही एकजीव होतात आणि पुढे त्या डहाळीलाच फांद्या फुटून फळे धरतात. शल्यचिकित्सेत हाडाचा तुकडा एका ठिकाणाहून काढून दुसऱ्या ठिकाणी बसवितात, त्या क्रियेलाही आपण कलमच म्हणतो. जबड्यात कृत्रिम दात रोवण्यापूर्वी असे अस्थिकलम करावे लागेल, असे दंतवैद्य कित्येक रुग्णांना सांगतात आणि त्यानंतर चार ते नऊ महिने थांबावयास लावतात. रुग्णाला प्रश्न पडतो : खड्डा तर भरला, मग थांबावयाचे कशासाठी? बागेतील कलम आणि हाडाचे कलम यांत जो भेद आहे, त्यात या प्रश्नाचे उत्तर आहे. तो भेद समजून घेणे हा या पाठाचा हेतू आहे.

१. हाड कशाचे बनलेले असते?

प्रथम एक सोपा प्रयोग करून पाहावा. कोंबडीच्या तंगडीचे स्वच्छ धुतलेले हाड व्हिनेगरमध्ये काही दिवस बुडवून ठेवावे व मधून मधून व्हिनेगर बदलावे. हाडाचा आकार कायम राहील, परंतु ते रबरासारखे वाकू लागेल. व्हिनेगरमधील आम्लाने हाडातील कॅल्शियमचे क्षार विरघळून गेले आणि कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या चिवट तंतूंची जाळी तेवढी मागे राहिली. हाडाच्या वजनाचा सुमारे दोनतृतीयांश भाग क्षारांचा असतो. क्षारांमुळे हाडाला कठीणपणा येतो आणि तंतूंमुळे चिवटपणा.

परंतु एवढ्याने हाडाचे वर्णन पुरे होत नाही. हाड जिवंत असते. त्यात रक्तवाहिन्या असतात आणि दोन प्रकारच्या पेशी अखंड काम करीत असतात. अस्थिभक्षक पेशी जुने हाड विरघळवितात व अस्थिजनक पेशी त्या जागी नवे हाड घालतात. जेथे भार पडतो तेथे बांधकाम सरस ठरते. जेथे भार नाहीसा होतो तेथे मोडतोड वरचढ होते. जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये आपल्या ग्रंथात या नियमाचे विवेचन केले. थोडक्यात, हाडाला काम हवे असते.

२. दात गेल्यानंतर

दाताचे मूळ जबड्याच्या हाडातील खोबणीत बसलेले असते. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा पदर असतो. आपण घास चावतो तेव्हा त्याचा दाब या तंतूंमार्फत हाडाला पोहोचतो. दात काढला, की तंतू गेले आणि दाबही गेला. बेकार झालेले ते हाड मग झिजू लागते. दात काढल्यापासून पहिल्या वर्षात जबड्याच्या त्या कडेची जवळजवळ निम्मी रुंदी कमी होते आणि त्यातलाही मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांतच जातो. अनेक वर्षे कवळी वापरणाऱ्या वृद्धांची कवळी सैल होते व गाल बसतात, त्याचे एक प्रमुख कारण हेच होय.

३. धातूचे मूळ

स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रोनमार्क हे १९५२ च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडात टिटॅनियम धातूची बारीक नळी बसवून आतील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. प्रयोग संपल्यावर ती नळी निघेना. हाड धातूला घट्ट चिकटून वाढले होते. या अडचणीतून त्यांना नवी वाट दिसली. १९६५ मध्ये त्यांनी गॉथेनबर्ग येथे एका रुग्णाच्या जबड्यात टिटॅनियमची मुळे बसविली. तो रुग्ण २००६ मध्ये निधन पावला, तोपर्यंत सुमारे चाळीस वर्षे ती मुळे कामी येत राहिली.

मात्र धातूच्या मुळाला चोहोंकडून हाडाचा आधार लागतो. साधारण मूळ ४ मिलिमीटर जाड असते आणि त्याच्या प्रत्येक बाजूस निदान १ मिलिमीटर हाड असावे लागते. म्हणजे कड कमीत कमी ६ मिलिमीटर रुंद हवी. उंचीचाही प्रश्न असतो. वरच्या दाढांच्या वर हाडात हवेची पोकळी असते. खालच्या जबड्यातून हनुवटीकडे व ओठाकडे जाणारी संवेदनांची नस असते. हाड खचलेले असताना तसेच मूळ रोवले, तर ते पोकळीत शिरण्याचा अथवा नस दुखावून ओठ बधिर होण्याचा धोका असतो. अशा वेळी आधी हाड वाढवावे लागते.

४. कलम केल्यावर काय घडते?

ग्लासगो येथील विल्यम मॅकिवेन यांनी १८८० च्या सुमारास एका लहान मुलाच्या दंडाचे हाड नव्याने उभे केले. त्या मुलाचे मूळ हाड जंतुसंसर्गाने नष्ट झाले होते. वाकलेल्या पायांवर शस्त्रक्रिया झालेल्या इतर रुग्णांच्या हाडांचे तुकडे मॅकिवेन यांनी वापरले आणि त्या मुलाला हाताचा उपयोग करता येऊ लागला. तथापि त्या तुकड्यांचे पुढे आत नेमके काय होते, हे कळावयास बराच काळ जावा लागला.

येथेच बागेतील कलमाशी असलेले साम्य संपते. आंब्याची डहाळी जगते. हाडाचा तुकडा बहुतांशी मरतो. रुग्णाच्याच शरीरातून घेतलेल्या तुकड्यातील काही पेशी तेवढ्या तग धरतात. मग कलमाचा उपयोग काय? घर बांधताना उभारलेल्या परांचीसारखा त्याचा उपयोग होतो. भोवतालच्या जिवंत हाडातून रक्तवाहिन्या त्या तुकड्यात शिरतात, त्यांच्यामागून पेशी येतात, जुने थोडे थोडे विरघळते आणि त्या जागी रुग्णाचे स्वतःचे हाड तयार होते. अमेरिकन शल्यचिकित्सक मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवून दिली. आम्लाने क्षार काढून टाकलेले हाड, म्हणजे आपल्या प्रयोगातील हाडासारखेच, त्यांनी प्राण्यांच्या स्नायूंत ठेवले, तेव्हा तेथे नवे हाड निर्माण झाले. मागे राहिलेल्या जाळीतील काही प्रथिने पेशींना हाड घडविण्याची प्रेरणा देतात, असे त्यावरून सिद्ध झाले.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. खड्डा भरला जातो तो परांचीने. घर अद्याप उभे राहावयाचे असते. ते रुग्णाचे शरीरच बांधते आणि त्याला महिने लागतात. म्हणून थांबणे हा उपचारातील खंड नसून उपचाराचाच भाग आहे.

५. कलमासाठी हाड कोठून आणतात?

याचे चार मार्ग आहेत. पहिला, रुग्णाच्याच हनुवटीचे, अक्कलदाढेमागचे किंवा मोठी गरज असल्यास कमरेचे हाड. हे सर्वांत गुणकारी, परंतु शरीरावर दुसरी जखम करावी लागते. दुसरा, दात्याचे शुद्ध केलेले हाड. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ मध्ये ऊतकपेढी सुरू झाली; तेथे दात्यांची हाडे गॅमा किरणांनी निर्जंतुक करण्यात येऊ लागली. तिसरा, गाईबैलांच्या किंवा डुकरांच्या हाडांपासून बनविलेले कण. यांतील काही प्रकारचे कण फार सावकाश विरघळतात व वर्षानुवर्षे नव्या हाडात गुरफटून राहतात. चौथा, प्रयोगशाळेत बनविलेले कॅल्शियम फॉस्फेटचे क्षार. आपल्या देशात अनेकांच्या धर्मभावना व आहाराचे नियम लक्षात घेता, वापरावयाचे द्रव्य मुळात कशाचे आहे हे रुग्णाने निःसंकोच विचारावे आणि वैद्यानेही ते आधी सांगावे.

६. मर्यादा व सावधगिरी

कलम सर्वांनाच लागते असे नाही. पुरेसे हाड असल्यास त्याची आवश्यकता नसते. कवळी किंवा शेजारच्या दातांवर बसविलेला पूल हे मार्गही त्याज्य नव्हेत. कलम नेहमी यशस्वी होते असेही नाही. तंबाखूच्या धुराने रक्तपुरवठा आकसतो आणि रक्तवाहिन्याच न पोहोचल्यास परांचीवर काम करणार कोण? आटोक्यात नसलेला मधुमेह व हिरड्यांचा जुना विकार हेही कलमाचे शत्रू आहेत. हाडांच्या ठिसूळपणावर काही औषधे घेत असल्यास ते दंतवैद्याला आवर्जून सांगावे.

मात्र एक गोष्ट प्रत्येकाला करता येईल. दात काढण्याचा प्रसंग आला, तर त्या जागी पुढे काय करावयाचे, हे दात काढण्यापूर्वीच विचारावे. रिकाम्या खोबणीत त्याच वेळी कलम भरल्यास झीज पूर्ण थांबत नाही, परंतु बरीच कमी होते. आणि वाचविता येण्याजोगा दात वाचविणे याहून चांगला उपाय नाही, कारण जबड्याच्या हाडाला काम देण्यात नैसर्गिक मुळाची बरोबरी करील असे दुसरे काही नाही.

प्रश्न

१. व्हिनेगरमध्ये ठेवलेले हाड का वाकते?
२. दात काढल्यावर जबड्याचे हाड का झिजते?
३. आंब्याचे कलम व हाडाचे कलम यांतील साम्य आणि भेद सांगा.