पावलं मोजा, तळवेही बघा

कुठल्याही मोठ्या ऑफिसात ‘स्टेप चॅलेंज’ जाहीर झालं की पंधरवड्याच्या आत माझ्या दवाखान्यात टाचा, पोटऱ्या आणि गुडघ्यांची रांग लागते. प्रत्येकाच्या हातात मोबाइल असतो, त्यावर टीमचा तक्ता असतो आणि प्रश्न ठरलेला असतो : “डॉक्टर, दुखतंय खरं, पण रोजचे दहा हजार तर झालेच पाहिजेत ना?”

नाही. दहा हजार झालेच पाहिजेत असं वैद्यकशास्त्रानं कधीही सांगितलेलं नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, एका जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नावच दहा हजार पावलांवरून ठेवलं. आकडा गोल होता, लोकांच्या तोंडी बसला. मोजमापाचा अभ्यास त्यामागे नव्हता, तो पुढे कित्येक वर्षांनी झाला. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात पंधरा अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष आला. साठीच्या पुढच्यांमध्ये सहा ते आठ हजार पावलांनंतर, आणि त्याहून तरुणांमध्ये आठ ते दहा हजारांनंतर, मृत्यूचा धोका फारसा आणखी कमी होताना दिसला नाही. सर्वात मोठा फायदा कुणाला? दिवसभर खुर्चीत बसून जेमतेम तीन हजार पावलं टाकणारा माणूस पाच-सहा हजारांवर येतो, त्याला. तेव्हा साडेसहा हजारांवर थांबलात तर दिवस वाया गेला असं समजू नका. तो चांगला दिवस होता.

स्पर्धांवर माझा राग नाही. मुंबईतून सुरू झालेल्या ‘स्टेपॅथलॉन’ या शंभर दिवसांच्या कार्यालयीन स्पर्धेतल्या एकोणसत्तर हजारांवर लोकांची आकडेवारी २०१६ मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात छापून आली. रोजची पावलं सरासरी साडेतीन हजारांनी वाढली, वजन दीड किलोच्या आसपास उतरलं. ही चांगलीच गोष्ट आहे. राग आहे तो “दुखतंय म्हणजे लागू पडतंय” या समजुतीवर. आणि दुखतच नाही, म्हणून सगळं ठीक आहे, या समजुतीची तर मला भीती वाटते.

मैसूरला बदली होऊन गेलेले माझे एक जुने पेशंट. वय पन्नाशीच्या आत, मधुमेह बऱ्याच वर्षांचा, साखर “बॉर्डरवर आहे” हे पालुपद कायमचं. ऑफिसच्या स्पर्धेत त्यांची टीम मागे पडली होती. रविवारी सगळे मिळून तलकाडला गेले. मैसूरहून पंचेचाळीस किलोमीटरवरचं, कावेरीकाठचं हे गाव. गंग राजघराण्याची ही जुनी राजधानी, तिथली देवळं वाळूखाली गाडली गेलेली, एकेक उकरून काढलेली. पाताळेश्वर, मरुळेश्वर, कीर्तिनारायण असं एका देवळातून दुसऱ्याकडे जायचं तर वाळूतूनच चालावं लागतं. घट्ट रस्त्याच्या तुलनेत मऊ वाळूत चालायला जवळपास दुप्पट शक्ती लागते. मोबाइलला ते कळत नाही. ऑफिसच्या गुळगुळीत फरशीवरचं पाऊल आणि वाळूतलं पाऊल तो सारखंच मोजतो.

या गृहस्थांनी चपला काढून ठेवल्या त्या ठेवल्याच. देवळं झाली, मग भर दुपारी नदीकाठच्या तापलेल्या वाळूत अनवाणी फेऱ्या. बाकीचे “भाजतंय” म्हणत सावलीला पळाले. यांना काहीच जाणवलं नाही, म्हणून हे चालत राहिले आणि टीममध्ये पहिले आले. मधुमेहानं त्यांच्या तळव्यांची संवेदना केव्हाच गेली होती. रात्री मोजा ओला लागला तेव्हा पत्नीच्या लक्षात आलं : दोन्ही तळव्यांना फोड, एक फुटलेला.

इथपर्यंत सगळं सावरता आलं असतं. पण मग हळद लावली, टूथपेस्ट लावली, कुणीतरी पाठवलेल्या व्हिडिओतलं तेल चोळलं. वर गरम पाण्यात पाय बुडवून शेक! पुण्याला माझ्याकडे आले तेव्हा दहा दिवस उलटले होते, जखमेची कड काळी पडली होती. अंगठा वाचला, पण त्यासाठी दीड महिना तो पाय जमिनीला टेकवू दिला नाही.

तलकाडचा मुख्य देव वैद्येश्वर, म्हणजे वैद्यच. तिथल्या कथेत कुऱ्हाड लागून झाडातून रक्त येतं, तेव्हा त्या झाडाचाच पाला जखमेवर बांधायला सांगितलं जातं, आणि तो लगेच बांधला जातो. दहा दिवस कुणी वाट पाहत नाही. पाला मात्र तुम्ही बांधू नका. स्वच्छ साध्या पाण्यानं धुवा, कोरडी स्वच्छ पट्टी बांधा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

दुसरा छळ वेदनाशामक गोळ्यांचा. केमिस्टकडून डायक्लोफिनॅक घ्यायची आणि त्या जोरावर पुन्हा चालायला निघायचं. रक्तदाबाच्या गोळ्या, त्यातही लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, उन्हात पाणी कमी प्यायलं असेल आणि वर ही गोळी पडली, तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. दुकानदाराला तुमचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासणीचा आकडा, माहीत नसतं.

घाबरून मात्र जाऊ नका. सकाळी उठल्यावर पहिल्या काही पावलांना टाच ठणकते आणि मग सुटते, हे बहुतेक वेळा तळव्याच्या पट्ट्यावर ताण आल्याचं असतं. पोटरी ताणण्याचे व्यायाम, जाड तळाची चप्पल आणि चालणं थोडं कमी केलं की ते बरं होतं, फक्त आठवडे लागतात. पण हाडावर बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, तर चालणं बंद, कारण हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. ठरावीक अंतर गेल्यावर पोटरीत गोळा येतो आणि थांबलं की जातो, असं असेल, विशेषतः तंबाखू-सिगारेट असेल, तर पायाच्या रक्तवाहिन्या तपासा. रात्रभराच्या बसप्रवासानंतर एकच पोटरी सुजून दुखू लागली तर त्याच दिवशी या. चालताना छाती आवळली, जबडा किंवा हात भरून आला, तर त्याला अ‍ॅसिडिटी म्हणत सोडा पिऊ नका. तिथेच थांबा आणि ईसीजी होईल अशा रुग्णालयात कुणाला तरी बरोबर घेऊन जा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. घाम फुटला, हात थरथरले तर आधी ती खा, पावलं नंतर.

एचआरच्या मंडळींना एक विनंती. बक्षीस सर्वात जास्त पावलांना देऊ नका, स्वतःच्या पहिल्या आठवड्यापेक्षा ज्यानं बेतानं आणि टिकून वाढवली त्याला द्या. आजारी माणसाला मागे राहायची मुभा असू द्या, टीमचे गुण न कापता.

आणि मधुमेह असलेल्यांनो, तळव्याला नायलॉनचा बारीक तंतू टेकवून संवेदना बघायची तपासणी पाच मिनिटांत होते, दुखत नाही. स्पर्धेत नाव देण्याआधी ती करून घ्या, आणि वाळू असो वा देवळाचं अंगण, उन्हात अनवाणी चालू नका.