टायर फुटतो कशाने?

सोलापूरहून तुळजापूरकडे निघालात की वाटेत तामलवाडी लागते. सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ येथून जातो आणि गावाजवळ टोलनाका आहे. एप्रिल-मे महिन्यांत या रस्त्याच्या कडेने चालताना नीट पाहा. टायरचे लांबलचक काळे पापुद्रे पडलेले दिसतील. एखादा उचलून पाहिलात, तर त्याच्या पाठीवर नक्षी शाबूत असते, पण पोटाशी सूत किंवा तारा उघड्या पडलेल्या असतात. म्हणजे हा टायर झिजून संपलेला नाही. त्याचे थर एकमेकांपासून सुटले आहेत.

हे कशाने झाले, असे कोणालाही विचारा. उत्तर ठरलेले आहे : "ऊन फार. हवा तापते, फुगते आणि टायर फुटतो." या उत्तराला जोडून एक सल्लाही मिळतो : "उन्हाळ्यात चार-सहा पौंड हवा कमीच ठेवावी." सल्ला देणारा माणूस अनुभवी असतो आणि त्याच्या मनात आपले हितच असते. तरीही हा सल्ला घातक आहे. कसा, ते आपण आकडे मांडूनच पाहू.

प्रथम 'पौंड' म्हणजे काय ते समजून घेऊ. पंपावरचा माणूस "बत्तीस पौंड हवा भरली" असे म्हणतो, तेव्हा त्याने ३२ पौंड वजनाची हवा भरलेली नसते. प्रत्येक चौरस इंचावर ३२ पौंड इतका दाब, असा त्याचा अर्थ. आपल्या परिचयाच्या मापात तो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.२५ किलोग्रॅम-भार होतो. आणि दाबमापी दाखवतो तो दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा किती जास्त आहे, एवढेच. फाटक्या टायरला दाबमापी लावला तर काटा शून्यावर राहतो, पण आत हवेचा दाब असतोच. तो बाहेरच्या इतकाच असतो. समुद्रसपाटीला हा दाब १४.७ पौंड असतो. आपण पठारावर राहतो, म्हणून थोडा कमी, सुमारे १४ पौंड धरू.

आता गणित. सकाळी तापमान १५ अंश सेल्सिअस आहे आणि मोटारीच्या टायरमध्ये दाबमापीप्रमाणे ३२ पौंड दाब आहे. दुपारी भरधाव गाडीच्या टायरमधील हवा ६५ अंशांपर्यंत तापली. दाब किती होईल? टायरचे आकारमान फारसे बदलत नाही, तेव्हा दाब हा निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढेल. येथे काही विद्यार्थी सरळ ३२ ला ६५ ने गुणून १५ ने भागतात आणि १३९ पौंड असे भयंकर उत्तर काढतात! सेल्सिअसचे शून्य हे माणसाने सोयीसाठी मानलेले शून्य आहे, वायूला त्याची खबर नसते. अंशांत २७३ मिळवलेच पाहिजेत, आणि दाबात बाहेरचे १४ पौंडही मिळवले पाहिजेत. सकाळचा खरा दाब ३२ + १४ = ४६ पौंड. तापमान २८८ वरून ३३८ केल्व्हिनवर गेले. म्हणून नवा दाब ४६ × ३३८ ÷ २८८, म्हणजे ५४ पौंड. त्यातून १४ वजा केले की दाबमापीवर ४० दिसेल.

तापमान ५० अंशांनी वाढूनही दाब ३२ चा ४० झाला, एवढेच. धडधाकट टायर याच्या कित्येक पट दाब सोसू शकतो. ही वाढ टायर बनवणाऱ्याने आधीच हिशेबात धरलेली असते. म्हणजे निव्वळ हवा 'फुगल्यामुळे' चांगला टायर फुटत नाही. मग फुटतो कशाने?

त्यासाठी गाडीचा भार कोण उचलते ते पाहू. १,००० किलोग्रॅमची मोटार घ्या. प्रत्येक चाकावर सुमारे २५० किलोग्रॅम-भार येतो. आतला दाब दर चौरस सेंटिमीटरला २.२५ असेल, तर जमिनीला टेकलेला भाग २५० ÷ २.२५, म्हणजे सुमारे १११ चौरस सेंटिमीटर हवा. आपले साधे पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे १२६ चौरस सेंटिमीटर. पोस्टकार्डाहूनही लहान अशा चार ठिगळांवर तुमचे सारे कुटुंब सामानसुमानासह धावत असते! (टायरच्या भिंतीही थोडा भार घेतात, त्यामुळे प्रत्यक्ष मोजमाप किंचित वेगळे येईल.)

समजा, हवा २० पौंडांवर आली. भार तोच आहे आणि दाब घटला आहे, तेव्हा क्षेत्रफळ वाढलेच पाहिजे. ते सुमारे १७८ चौरस सेंटिमीटर होते. टायर जमिनीवर अधिक पसरतो आणि त्याच्या बाजूच्या भिंतीला अधिक पोट येते. चाक फिरते तसा टायरचा प्रत्येक भाग जमिनीशी येतो, वाकतो, वर जातो, सरळ होतो. चाकाचा घेर २ मीटर असेल, तर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना हे वाकणे तासाला ३०,००० वेळा घडते, म्हणजे दर सेकंदाला आठांहून अधिक वेळा.

एक तार घेऊन ती एकाच जागी भराभर दहा-पंधरा वेळा वाकवा आणि ती जागा हळूच ओठाला लावा. चटका बसेल. रबराचेही तसेच होते. रबरी चेंडू एक मीटर उंचीवरून सोडला तर तो पुन्हा एक मीटर उसळत नाही. दबताना त्याला जी ऊर्जा मिळते तिचा काही भाग तो परत देत नाही, तो उष्णता होऊन रबरातच राहतो. टायरमध्ये ही देवघेव तासाला हजारो वेळा चालते. हवा कमी असेल तर प्रत्येक वेळचे वाकणे मोठे, आणि म्हणून उष्णताही अधिक. रबर उष्णतेचे मंद वाहक असल्याने ती चटकन बाहेरही जात नाही. तापत राहिले की रबर आणि आतले सूत किंवा तारा यांची पकड सैल होते, थर सुटू लागतात, आणि एका क्षणी स्फोट होतो. रस्त्याकडेचे पापुद्रे हे बहुधा अशा टायरांचे असतात. उन्हाने त्यांचे काम सोपे केले हे खरे, पण सुरुवात बहुतेक वेळा कमी हवेने, जादा भाराने किंवा जादा वेगाने होते.

आता त्या सल्ल्याकडे पुन्हा वळू. एखाद्याने दुपारी गरम टायर तपासला, काटा ४० वर पाहिला आणि घाबरून ८ पौंड हवा सोडून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी काय होईल? ४६ × २८८ ÷ ३३८ = ३९, आणि त्यातून १४ वजा जाता २५ पौंड! ३२ ऐवजी २५ पौंडांवर ती गाडी लांबच्या प्रवासाला निघणार. स्फोट टाळण्यासाठी केलेला उपाय स्फोटाचीच तयारी करून ठेवतो. म्हणून हवा नेहमी टायर थंड असताना, गाडी दोन-तीन किलोमीटरांपेक्षा अधिक चालण्यापूर्वी मोजावी. गरम टायरची हवा कधीही सोडू नये.

आतापर्यंत मोटारीचे पाहिले. तामलवाडीच्या परिसरात दिवाळीनंतर जी वाहने रस्ता भरून टाकतात त्यांचे काय? एक ट्रॅक्टर, त्यामागे एक आणि कित्येकदा दोन ट्रॉल्या, आणि त्यांवर वरपर्यंत रचलेला ऊस. येथे अडचण निराळीच आहे. मोटारीचा टायर बसला तर चालकाच्या हाताला सुकाणूचे चाक ओढल्यासारखे लागते. मागच्या ट्रॉलीचा टायर निम्मा बसला तरी ट्रॅक्टरवर बसलेल्याला काहीच जाणवत नाही. इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नाही आणि उसामुळे दिसत नाही. आणि उंच रचलेल्या भाराचा गुरुत्वमध्यही उंच असतो. एका बाजूचे चाक अचानक खाली बसले की ट्रॉली तिकडे कलते, गुरुत्वमध्यातून काढलेली उभी रेषा चाकांच्या बाहेर पडते आणि ट्रॉली उलटते. त्या कडेने कोण जात असते? सायकलवरून शाळेला जाणारे तुम्ही, किंवा तुळजापूरला पायी निघालेले भाविक.

ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्या टायरांना एकाच मापाने हवा भरणे ही मोठी चूक होय. ट्रॅक्टरचे मागचे मोठे चाक मऊ जमिनीत रुतू नये म्हणून शेतात त्याचा दाब मुद्दाम कमी, १२ ते १६ पौंडांच्या आसपास ठेवतात. क्षेत्रफळ मोठे असल्याने भार पसरतो. वजन वाढून चाक घसरू नये म्हणून काही शेतकरी त्यात चक्क पाणी भरतात! ट्रॉलीच्या टायरला मात्र याच्या कित्येक पट दाब लागतो. किती, ते त्या टायरच्या बाजूवर किंवा कंपनीच्या पुस्तिकेत भारासह दिलेले असते. शेतीच्या टायरवर 'ए ८' अशी खूण आढळली तर तो ताशी ४० किलोमीटरपर्यंतच्या वेगासाठी बनवला आहे असे समजावे. शेजारी लंबवर्तुळात चार आकडे असतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर.

ट्रॉलीचे टायर हंगामात झिजतात, त्याहून अधिक ते हंगामाबाहेर खराब होतात, असे मला वाटते. कारखाना बंद झाला की ट्रॉली पाच-सहा महिने खळ्यावर उन्हात उभी राहते. हवा हळूहळू गळते, टायर एकाच जागी दबून राहतो, ऊन आणि हवेतील ओझोन यांनी भिंतींना बारीक भेगा पडतात. दिवाळीत तीच ट्रॉली जुजबी हवा भरून उसाला जुंपली जाते. त्याऐवजी आसाखाली लाकडी ठोकळे देऊन चाके जमिनीवरून उचलावीत आणि त्यांवर गोणपाट टाकावे. फारसा खर्च नाही. व्हॉल्व्हवर साबणाचे पाणी सोडून बुडबुडे येतात का पाहावे, आणि टोपी हरवली असेल तर नवी बसवावी, म्हणजे धूळ आत जाऊन व्हॉल्व्ह गळणार नाही. स्टेपनीतही हवा तपासावी, नेमकी तीच विसरली जाते. लोखंडी टॉमीने टायर ठोकून आवाज ऐकण्याची पद्धत पूर्ण बसलेला टायर ओळखायला ठीक आहे, पण ८०चा ६० झाला हे तिने कळत नाही. त्याला दाबमापीच हवा.

नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला, आणि लांबच लांब सलग वेगाने जाताना टायर फुटण्याचा प्रश्न तेथे एकदम पुढे आला. २०२३ मध्ये परिवहन विभागाने तेथे टायर तपासून गुळगुळीत टायरांच्या गाड्यांना मज्जाव करायला सुरुवात केली. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी खोल असू नये, असा आपला नियम आहे. नायट्रोजन भरण्याचा सल्लाही या निमित्ताने बराच दिला गेला. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो आणि किंचित हळू गळतो, हा त्याचा गुण. पण वर मांडलेले गणित त्यालाही जसेच्या तसे लागू पडते.

नव्या मोटारींत दाबावर नजर ठेवणारी यंत्रणा असते. अमेरिकेत २००० साली टायरचे थर सुटून झालेल्या अनेक अपघातांनंतर तिथे कायदा झाला आणि २००७ पासून सर्व नव्या हलक्या वाहनांत ती सक्तीची झाली. एका प्रकारात चाकातच छोटा संवेदक बसवतात. तो दाब मोजून रेडिओ लहरींनी चालकाला कळवतो. दुसरा प्रकार मला अधिक आवडतो, कारण त्यात दाब मोजतच नाहीत! हवा कमी झाली की आसापासून जमिनीपर्यंतचे अंतर घटते, आणि तेवढाच रस्ता कापायला त्या चाकाला किंचित अधिक फेरे घ्यावे लागतात. चार चाकांचे फेरे मोजून यंत्रणा दोषी चाक ओळखते.

हे तुम्ही सायकलवर करून पाहू शकता. मागच्या चाकात चांगली हवा भरा. व्हॉल्व्ह बरोबर तळाशी आणून जमिनीवर खडूने खूण करा. मित्राला सीटवर बसवा आणि दोघांनी धरून सायकल सरळ रेषेत ढकलत चाकाचे दहा फेरे पूर्ण होऊ द्या. पुन्हा खूण करून अंतर टेपने मोजा. मग हवा निम्मी करून तोच मित्र बसवा आणि पुन्हा दहा फेरे मोजा. दुसरे अंतर किती सेंटिमीटरने कमी भरले? प्रयोग संपल्यावर हवा पुन्हा भरून ठेवा.