मोत्याचा फोटो आणि सोफ्यामागची भिंत

महाल, नागपूर
१२ नोव्हेंबर

चि. मृणाल,


तुझा फोन आल्यापासून ताई मला दोनदा ऐकवून गेली, "पोरगी कुत्र्याच्या फोटोवर एवढे पैसे खर्च करून राहिली!" मी म्हटलं, देवघरातली दत्ताची तसबीर बघ, पायाशी चार कुत्री बसलीच आहेत ना? ती काही बोलली नाही. पटलं असावं.

तू तीन फोटोग्राफरांची कामं पाठवलीस आणि विचारलंस, मामा, यातला कोणता? तिघंही बरे आहेत. पण जन्मभर फोटो काढले नि फ्रेमा ठोकल्या, त्या अनुभवावरून सांगतो, सुरुवात भिंतीपासून कर. फोटो आधी काढून मग त्याला जागा शोधणारे लोक शेवटी तो बेडरूमच्या कपाटामागे लावतात.

तुला तो हॉलमध्ये सोफ्याच्या वर हवा आहे. सोफा ६ फुटांचा. त्यावर १२ बाय १८ चा फोटो पोस्टाच्या तिकिटासारखा दिसेल. फ्रेमसकट निदान सोफ्याच्या निम्मी रुंदी हवी, म्हणजे ३ फूट. २० बाय ३० चा प्रिंट, भोवती दोन-दोन इंचांचा माऊंट आणि लाकडी पट्टी, की झाले ३ फूट. बाबांना सांग, हितवादची जुनी पानं जोडून त्या मापाचा कागद कापा आणि सोफ्याच्या पाठीपासून वीतभर वर टेपने चिकटवून चार दिवस राहू द्या. डोळ्यांना खटकला तर माप बदलता येतं. फ्रेम झाल्यावर येत नाही.

हे ठरलं की फोटोग्राफरला काय सांगायचं ते आपोआप ठरतं. फोटो आडवा हवा. मोत्या एका बाजूला, दुसरीकडे मोकळी जागा. तुमचं दार सोफ्याच्या डाव्या हाताला आहे, तेव्हा त्याची नजर उजवीकडे, घरात असू दे. दाराकडे बघणारा मोत्या जन्मभर फिरायला न्यायची वाट बघतोय असं वाटेल. आणखी एक, २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात ६००० बाय ४००० ठिपके असतात. ३० इंचांवर पसरले की इंचाला २०० येतात, चार-सहा फुटांवरून बघायला पुरेसे. पण "नंतर कापून घेऊ" म्हणत अर्धा फोटो छाटला तर पुरणार नाहीत. चौकट तिथेच बांधायला लाव. आणि पूर्ण आकाराची फाइल मिळणार का, हे पैसे देण्याआधी विचार.

आता कूलर. पुण्यात राहून तू हे विसरली असशील. मार्च संपता संपता आपल्या खिडक्यांना खसच्या ताट्या लागतात आणि जूनपर्यंत घरात ओली हवा फिरते. २०१३ च्या मे महिन्यात इथे पारा ४७.९ वर गेला होता, तेव्हा कूलर बंद ठेवा असं कोण म्हणणार? मी स्वतः, धंद्यातला माणूस, आईदादांचा जोडफोटो माऊंटशिवाय थेट काचेला लावून कूलरसमोर टांगला. दुसऱ्या पावसाळ्यात दादांचा खांदा काचेला चिकटला. काढताना सालपट निघालं. निगेटिव्ह नव्हती. म्हणून माऊंट हवाच, तो शोभेपेक्षा कागद नि काच यांत फट ठेवण्यासाठी. मागच्या खालच्या कोपऱ्यांना रबराची बटणं लाव, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांतून हवा जाईल. पश्चिमेचं ऊन त्या भिंतीवर येत असेल तर पडदा किंवा दुसरी भिंत. उन्हाने रंग उडतात. कागद मॅट घे, चकचकीत कागदावर मोत्याऐवजी ट्यूबलाइट दिसेल.

मोत्या काळा आहे, ही फोटोग्राफरची खरी परीक्षा. कॅमेऱ्याला काळं दिसलं की तो उजेड वाढवतो आणि काळा कुत्रा राखाडी होतो. फोटोग्राफरने काढलेला काळ्या कुत्र्याचा एखादा फोटो मागून बघ. केस वेगवेगळे दिसतात का, डोळ्यांत उजेडाचा ठिपका आहे का? थेट फ्लॅश नको, डोळे हिरवे चमकतात. कॅमेरा मोत्याच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा. जमिनीवर आडवा पडायला तयार नसेल तो माणूस घेऊ नकोस. आणि तोंडावरचे पांढरे केस पुसायचे नाहीत, हे आधीच बजाव. अकरा वर्षांचा आहे तो, अकराचाच दिसू दे.

तू डिसेंबरात येतेसच, तेव्हाच फोटो काढा. सकाळी सातच्या सुमारास, ऊन कोवळं असताना. फुटाळा तलावावर नको, तिथे माणसं नि इतर कुत्री. घराची गच्ची किंवा मागचं अंगण बरं. आंघोळ दोन दिवस आधी. पट्टा तासभर आधी काढा, मानेवर खाच राहते. फार फिरवून आणू नका, नाहीतर सगळ्या फोटोंत लोंबती जीभ. शिट्टी वाजवली की कान टवकारतो, पण दोन-तीनदाच, मग तो ढुंकून बघत नाही.

मोत्याला फेटा बांधायची कल्पना आईची की तुझी? अमेरिकेतल्या विल्यम वेगमनने आपल्या वायमरानर कुत्र्यांना झगे नि विग घालून २० बाय २४ इंची पोलरॉइड काढले, ते जगभर गाजले. त्याची कुत्री कॅमेऱ्यासमोरच वाढली होती. मोत्या फेटा चावेल. नको.

कूलर नेमका कोणत्या खिडकीत बसतो आणि त्याचा झोत सोफ्याच्या भिंतीवर येतो का, एवढं बाबांना विचारून कळव. मग फ्रेमवाल्याकडे मी स्वतः जाईन.

तुझा,
मामा