आषाढातला रंधा

सदाशिव पेठेतील ज्या वाड्यात माझे अर्धे आयुष्य गेले, तेथील आमच्या बिऱ्हाडाचे सागवानी फळ्यांचे दार मृगाच्या सरी पडून गेल्या, की चौकटीला अडू लागे आणि आश्विनातले ऊन लागले, की कोणी काही न करता आपोआप सुटे. हा क्रम घरातल्या सर्वांच्या इतका अंगवळणी पडला होता, की दाराला खांदा द्यावा लागतो याची तक्रार करावी असेही कोणाला वाटत नसे. एका आषाढात मात्र भाडे वसूल करण्यास आलेल्या मालकांच्याच हाताला ते अडले, आणि त्यांनी उभ्या उभ्या हुकूम सोडला, “उद्या सुतार पाठवतो, एकदाचा याचा निकाल लावून टाकू.” सुतार आला. दार वीतभर जागेतच घासत होते. पण त्याने ते उतरवून कडीकडच्या सबंध कडेवर वरपासून खालपर्यंत रंधा मारला आणि जिन्यात ओलसर ढलप्यांचा ढीग पडला. त्या दिवशी दार लोण्यासारखे फिरले खरे. परंतु मार्गशीर्षात फटीतून जिन्यातला दिवा दिसू लागला, आणि चैत्रात तर कुलपाची जीभ चौकटीतील खाचेत जेमतेम टेकू लागली. मग मालकांच्याच खर्चाने कडेला एक पट्टी ठोकण्यात आली, आणि पुढल्या पावसाळ्यात ती पट्टी फुगून दार पूर्ववत अडले.

लाकडाचा धर्मच असा आहे, की ओले असलेले सागाचे लाकूड पुरते वाळेपर्यंत रुंदीत शेकडा 2 ते 6 आटते, लांबीत मात्र नगण्य. आणि आटलेल्यापैकी काही हिस्सा ते दर पावसाळ्यात हवेतील ओलाव्यापासून परत वसूल करून घेते. म्हणून फुगलेले दार अडते ते कडीच्या बाजूला. जे दार उंबरठ्यावर घासते, किंवा ज्याचा कडीकडचा वरचा कोपरा चौकटीला टेकतो, त्याचा मामला निराळा असून तेथे बहुधा वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल झालेले असतात. अशा दाराखाली पाचर सारून त्याचा भार उचलावा, स्क्रू काढावा, भोकात फेव्हिकॉल लावलेल्या काडेपेटीच्या दोन-तीन काड्या ठोकून त्या कापून टाकाव्यात आणि फेव्हिकॉल वाळल्यावर तोच स्क्रू पुन्हा पिळावा. एवढ्याने न भागल्यास रविवार पेठेतील बोहरी आळीतून अर्धा इंच लांब स्क्रू आणावा. 1732 साली वास्तुशांत झालेल्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याच्या झडपेत दिंडी, म्हणजे लहान दार, आहे; तिच्यामुळे रोजच्या येण्याजाण्यासाठी ती अजस्र झडप हलवावी लागत नसे. आमच्या घरात मात्र जड दारे दिवसातून शंभरदा आपटली जातात आणि स्क्रू सैल झाले, की दोष सुताराला दिला जातो.

दार खरोखर फुगूनच अडत असेल, तर चौकटीच्या आतल्या कडेला खडू घासून ते एकदा बंद करावे. ज्या जागी खडू दारावर उतरेल, तेवढीच जागा दोषी. तिच्यावर पेन्सिलीने खूण करून ठेवावी, मेणबत्ती घासून पावसाळा निभावून न्यावा, आणि रंधा हाती घेऊ नये. चैत्रातही जे दार त्याच खुणेवर अडते, तेवढ्यालाच रंधा लागू आहे, आणि तोही त्या खुणेपुरता.

कुरकुरणाऱ्या बिजागरीवर घरोघर खोबरेल ओतण्याची जी वहिवाट आहे, ती मला कधीच पटली नाही. खोबरेल 24 अंशांच्या आसपास थिजते, आणि पुण्यातल्या पौषातील पहाटे पारा 10 अंशांपर्यंत उतरतो. गोडेतेल हवेने चिकट होऊन धूळ धरते. नुसत्या रॉकेलने मळ सुटतो, पण वंगण उरत नाही, त्यामुळे आठवड्याने आवाज परत येतो. खालून खिळा लावून बिजागरीची पिन ठोकून वर काढावी, एका वेळी एकाच बिजागरीची. ती पॉलिश पेपरने घासून पुसावी आणि शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब देऊन परत बसवावी.

ज्या इलाजाकडे सर्वांचे दुर्लक्ष होते, तो रंगाचा आहे. रंगारी दाराच्या दोन्ही बाजू चकचकीत करतो, पण वरची आणि खालची कड कोरीच सोडतो. उभ्या फळ्यांच्या रेषा तेथेच उघड्या पडत असल्याने ओल मुख्यतः तेथूनच आत शिरते. वैशाखात, लाकूड पूर्ण कोरडे असताना, दार उतरवून या दोन्ही कडांना प्रायमर आणि वर ऑइल पेंटचे दोन हात द्यावेत. पुष्कळ दारांना त्यापुढे रंध्याची गरजच राहत नाही. सोसायट्यांतील न्हाणीघरांच्या प्लायवुडच्या दारांना मात्र हा नियम पुरा पडत नाही. त्यांच्या खालच्या हातभर भागाला नव्या कोऱ्या अवस्थेतच ॲल्युमिनियमचा पत्रा मारून घ्यावा, कारण थर सुटून फुगलेल्या प्लायला रंधा लावणे म्हणजे सुताराची मजुरी फुकट घालवणे, आणि शेवटी दार बदलावेच लागते.