वाहनावरील जादा जोडसामान आणि कारखानदाराची हमी

पनवेल, पेण व उरण या भागांतील बागायतदार पहाटेच्या अंधारात भाजीपाल्याची गाडी भरून वाशीच्या बाजाराकडे निघतात. सीबीडी बेलापूरवरून जाणाऱ्या महामार्गावर अशी लहान मालवाहू वाहने दररोज दृष्टीस पडतात. बैलगाडीची जागा या वाहनांनी घेतल्यामुळे नांगर व मोट यांइतकेच वाहनही आता शेतीचे साधन झाले आहे. ते बहुधा कर्ज काढून घेतलेले असते. ते एक आठवडा जरी बंद पडले तरी तोडलेला माल जागीच सुकतो व कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. यास्तव नव्या वाहनाबरोबर मिळणारी हमी, म्हणजेच वॉरंटी, कोणत्या कारणाने टिकते व कोणत्या कारणाने जाते, हे प्रत्येक वाहनधारकाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

हमी म्हणजे काय?

ठरावीक मुदतीत अथवा ठरावीक किलोमीटरच्या आत, ट्रॅक्टरच्या बाबतीत ठरावीक तासांच्या आत, मूळच्या सदोष मालामुळे किंवा सदोष घडणीमुळे एखादा भाग निकामी झाल्यास तो विनामूल्य दुरुस्त करून अथवा बदलून देण्याचे कारखानदाराचे वचन म्हणजे हमी. निष्काळजीपणा, अपघात, प्रमाणाबाहेर भार आणि कारखानदाराच्या संमतीवाचून केलेले फेरफार यांपासून होणारे नुकसान या वचनात येत नाही. हमीचा विमा करणे ही सामान्य चूक आहे. अपघाताची भरपाई विम्यातून मिळते, तर घडणीतील दोषाची जबाबदारी हमीखाली येते.

जोडसामानाचे तीन प्रकार

बाजारात मिळणारे जादा सामान एकसारखे नसते. पायपुसणी, आसनांची आच्छादने, ताडपत्री इत्यादी वस्तूंचा वाहनाच्या यंत्रणेशी संबंध येत नाही. त्यांच्यामुळे हमीला सहसा बाध येत नाही.

दुसरा प्रकार विजेवर चालणाऱ्या सामानाचा. जादा दिवे, मोठा भोंगा, ध्वनियंत्र यांसाठी मूळची वायर कापून जोड दिला जातो. येथे थोडा हिशेब करून पाहावा. १२ व्होल्टच्या वाहनात ६० वॅटचा दिवा ५ अँपिअर वीजप्रवाह घेतो. त्याच्या जागी १०० वॅटचा दिवा बसविला तर प्रवाह ८ अँपिअरच्या वर जातो. वायरमध्ये निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती जवळजवळ पावणेतीन पट होते. मूळची वायर एवढ्या उष्णतेसाठी योजलेली नसते. तिचे आवरण मऊ पडते, दोन तारा एकमेकींस भिडतात व प्रसंगी आग लागते. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्या जागी जाड तार बसविणे हा तर अनर्थाला दिलेला आमंत्रणाचा विडाच होय.

तिसरा प्रकार भार व चाल यांच्याशी निगडित आहे. अधिक माल नेता यावा म्हणून पाट्यांच्या संचात जादा पाटा घालणे, मोठ्या आकाराचे टायर बसविणे, हौदा उंच करणे हे फेरफार सर्रास होतात. पाटा वाढविल्याने वाहन कमी दबते एवढेच. आस, ब्रेक व गिअरपेटी यांची मूळ ताकद त्यामुळे वाढत नाही. हे भाग तुटल्यास दोष घडणीचा की भाराचा, असा वाद उभा राहतो.

हमी पूर्ण जाते की काही अंशी?

समजा, एका बागायतदाराने नव्या गाडीस बाहेरच्या गॅरेजमध्ये जादा दिवे बसविले आणि चार महिन्यांनी गिअरपेटीत बिघाड झाला. दिव्यांचा व गिअरपेटीचा संबंध नाही, म्हणून केवळ दिव्यांचे कारण सांगून गिअरपेटीची दुरुस्ती नाकारणे न्याय्य ठरत नाही. परंतु त्याच गाडीचे वायरिंग जोडाच्या ठिकाणी जळाले असेल, तर नकारास सबळ कारण आहे. जोडलेल्या वस्तूमुळे नुकसान झाले काय, हाच खरा प्रश्न होय.

भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात हेच तत्त्व मांडले आहे. ग्राहकाने बाहेरच्या कारागिराकडून काम करून घेतले एवढ्यावरून सरसकट हमी रद्द करण्याची अट कंपन्यांनी घालू नये. सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच हमी नाकारावी, असा त्याचा आशय आहे. या आदेशाविरुद्ध कंपन्यांनी वरिष्ठ ठिकाणी दाद मागितली. म्हणून केवळ त्याच्यावर विसंबून न राहता आपल्या हमीपत्रकातील अटी वाचणे शहाणपणाचे आहे. अमेरिकेत १९७५ च्या कायद्यानेही विशिष्ट कंपनीचेच भाग वापरण्याची सक्ती हमीसाठी करण्यास सर्वसाधारणपणे मनाई केली आहे. आपल्या केंद्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासंबंधी संकेतस्थळ सुरू केले. त्यात मोटारींबरोबर शेती अवजारांचाही समावेश आहे.

कायद्याची मर्यादा

हमी शाबूत राहिली तरी फेरफार कायदेशीर असतोच असे नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील कारखानदाराच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात या कलमाचा असाच कडक अर्थ लावला. वाहनापुढे लोखंडी दांड्यांची चौकट बसविण्यावर कारवाई करण्याची सूचना केंद्रीय परिवहन मंत्रालयाने २०१७ मध्ये राज्यांना दिली. अशी चौकट टकरीचा धक्का शोषू देत नाही आणि पादचाऱ्यासही घातक ठरते.

तक्रार कोठे करावी?

दुरुस्ती नाकारली गेल्यास नकाराचे कारण प्रथम लेखी मागावे. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर कळवावे. तेथे निराकरण न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. ठाणे जिल्ह्याचा अतिरिक्त आयोग सीबीडी बेलापूर येथील कोकण भवनात आहे, तर रायगड जिल्ह्याचा आयोग अलिबागेस आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे तक्रारदारास स्वतःच्या राहण्याच्या ठिकाणीही तक्रार दाखल करता येते. म्हणून पनवेलच्या शेतकऱ्यास अलिबाग मोकळे आहे. विक्रेता नवी मुंबईतील असल्यास बेलापूरचाही मार्ग खुला होतो.

तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी. वाहनासाठी दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूस हा कायदा लागू नाही. परंतु स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठीच घेतलेले व स्वतः वापरलेले वाहन त्या अपवादात मोडत नाही. हा मुद्दा तक्रारीत स्पष्ट लिहावा. दोष सिद्ध करण्यास पुरावा लागतो, आणि तो बिघाडानंतर गोळा करू म्हटले तर हाती लागत नाही.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

१. वाहन ताब्यात घेतानाच हमीपत्रक वाचून घ्यावे. ते समजत नसल्यास जाणत्या माणसाकडून समजावून घ्यावे.

२. विजेचे सामान बसविण्यापूर्वी विक्रेत्याची लेखी संमती घ्यावी. मूळ वायर कापू देऊ नये. स्वतंत्र वायर, रिले व योग्य फ्यूज वापरावा.

३. विक्रेत्यानेच सामान बसविले असल्यास त्याचे नाव पावतीवर लिहून घ्यावे व त्या सामानाची वेगळी हमी मागावी.

४. ठरलेल्या मुदतीत तपासणी करून प्रत्येक जॉबकार्ड व पावती जपून ठेवावी.

५. बिघाड होताच छायाचित्रे काढावीत. निकामी झालेला भाग टाकून देऊ नये.

६. नोंदणीत लिहिलेल्या वजनापेक्षा अधिक भार कधीही लादू नये.

बियाण्याच्या पिशवीवरील चिठ्ठी पीक हाती येईपर्यंत जपून ठेवावी, हे शेतकऱ्यास ठाऊक आहे. वाहनाचे हमीपत्रकही त्याच निगुतीने जपावे. नवा दिवा लावण्यापूर्वी घटकाभर ते वाचले, तर पुढील वर्षभराची चिंता टळते.